पुढची सीट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून भर सकाळी एक हातगाडी निघाली आहे, तिच्या पोटाखाली दोन फळ्या बांधल्या आहेत, डावीकडची जरा वर, उजवीकडची जरा खाली, आणि बाजूनं पांढऱ्या शर्ट-पायजम्यातला एक गृहस्थ वाकून वाकून त्या फळ्यांकडे बघत चालला आहे, असं दृश्य तुम्ही सोलापुरात कधी पाहिलं असेल, तर तुम्ही आमच्या मालकांना पाहिलंत. हातगाडी ढकलणारा मी होतो. मला ओळखलं नसेल. मी तोंडाला रुमाल बांधला होता.

मालकांच्या टॉवेलच्या कारखान्यात मी परदेशी पार्ट्यांचा पत्रव्यवहार सांभाळायचो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. नोकरी लागताना हातगाडीचा विषय निघाला नव्हता. पण मालकांच्या हाताखाली माणूस ज्या कामाला लागायचा ते सोडून बाकी सगळं करायचा, आणि काही दिवसांनी त्यालाही त्याचं काही वाटेनासं व्हायचं.

त्या फळ्या म्हणजे दोन मोटारींची पोटं होती. जर्मनीच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, जमिनीला चिकटून चालणाऱ्या मोटारी. मालकांना त्यातली एक घ्यायची होती, आणि आपल्या गतिरोधकांवर कुणाचं पोट घासतं हे गाडी दारात येण्याआधीच बघायचं होतं. म्हणून दोघींच्या पोटाची उंची मोजून सुताराकडून फळ्या बसवून घेतल्या होत्या.

अशोक चौकाजवळ पोलिसानं अडवलं.

"काय चाललंय मालक?"

"गाडी बघतोय."

"कुटं हाय गाडी?"

"जर्मनीत."

पोलिसानं फळ्यांकडे बघितलं, मग माझ्या रुमालाकडे. "आन ह्यो कोण?"

"ड्रायव्हर," मालक म्हणाले.

मागं थांबलेल्या रिक्षावाल्यालाही राहवेना. "क्या सेठ, खाली गाडीकू कायको घुमारे?" त्यानं विचारलं. मालकांनी त्याला थांबवून दोन्ही मोटारींची माहिती दिली. रिक्षात बसलेल्या बाई दवाखान्यात निघाल्या होत्या. त्यांनीही ती ऐकली.

कन्ना चौकाच्या अलीकडे एका घरासमोर कुणीतरी हौसेनं घातलेला गतिरोधक होता, घराच्या उंबऱ्यापेक्षा उंच. तिथं दोन्ही फळ्या एकदमच अडकल्या. घरातले आजोबा धावत बाहेर आले. "काय मोडलं का?"

"न्हाय," मालक समाधानानं म्हणाले, "बरोबरी झाली."

मालकांचं सगळं असं जोडीनं चालायचं. "एकट्या वस्तूची पारख होत न्हाय," असं ते म्हणत. नव्या चपला घ्यायच्या झाल्या तर दुकानातून दोन जोड आणायचे, डाव्या पायात एका जोडातली, उजव्या पायात दुसऱ्यातली, आणि आठवडाभर तसेच कारखान्यात फिरायचे. शिंपी बदलायचा होता तेव्हा एका शर्टाच्या दोन बाह्या दोघांकडून शिवून घेतल्या. हॉटेलात चहा आणि कॉफी दोन्ही मागवायचे, एक घोट याचा, एक घोट तिचा, आणि कुठलं आवडलं ते ठरेपर्यंत दोन्ही गार. काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू की." लग्नात नवरदेवाशी हस्तांदोलन करताना डाव्या हातानं त्याच्या कोटाचा पोत बघायचे. एका नवरदेवाला त्यांनी हळूच सांगितलं होतं, "एका पावसात आटंल. फोटो काढून घ्या."

मात्र घरात त्यांना पारख करायचा अधिकार नव्हता. तिथं अक्का होत्या.

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परत आल्या, आणि वडील गेल्यावर घरातल्या मागांवर बसून तिन्ही भावांना वाढवलं. आजचा कारखाना त्या मागांतून निघालेला. त्यामुळे अक्कांना घरात कुणी नाही म्हणत नसे. म्हणावंसंही वाटत नसे, कारण बोलायला जेवढ्या कडक तेवढ्याच जीव लावायला. मला ताप आला होता तेव्हा माझ्या खोलीवर रोज डबा पाठवायच्या, आणि डबा परत आला की भाकरी उरली का ते स्वतः उघडून बघायच्या.

कारखान्यात अक्कांचा एक कायदा होता. पार्टीसाठी घडी घालून ठेवलेल्या मालाला हात लावायचा नाही. सरकवायचा असला तर ज्या बाईनं घडी घातली तिलाच बोलवायचं. एकदा बँकेचे एक साहेब बोलता बोलता टॉवेलच्या गठ्ठ्यावर टेकले. अक्का पलीकडून आल्या आणि म्हणाल्या, "उठा. लक्ष्मी हाय ती, खुर्ची न्हाय." साहेब असे उठले की नंतर खुर्ची दिली तरी बसेनात.

नमुन्याचा माल असला की घडी मालकीणबाईंच्या हातची. चारी कोपरे असे जुळलेले असायचे की घडी घातली आहे की टॉवेल साच्यातून काढला आहे ते कळू नये. मालकीणबाई बोलायच्या फार कमी. कारखान्यात येऊन घड्या घालायच्या आणि घरी जायच्या. त्या काही बोलत नाहीत असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता गाडीचं कसं सुरू झालं ते सांगतो. आमचा माल घेणाऱ्या एका जर्मन पार्टीनं मालकांना तिकडं बोलावलं होतं. त्या गृहस्थानं मालकांना आपल्या मोटारीत घातलं आणि तिकडच्या मोकळ्या रस्त्यावर अशी काही पळवली की मालक परत आले ते वेगळेच. विमानतळावरून घरी आल्यावर भाऊ विचारू लागले, कारखान्यातले लोक जमले. किती पळते, आवाज कसा येतो, पोटात गोळा येतो का?

"वेग लई हाय," मालक म्हणाले. मग इकडंतिकडं बघून मला बाजूला घेऊन गेले. "पर एक सांगू का तुमाला? दोनच सीटा हायत हो."

मला वाटलं ते गाडीतली खोट सांगताहेत. मी म्हटलं, "मग घरच्यांना कुठं बसवायचं मालक?"

"हां!" मालक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी गोंधळून गेलो.

मला ते कळलं नाही, कारण मी त्यांच्या घरची जीप आतून पाहिली नव्हती. पुढं एकदा तुळजापूरला जायच्या वेळी पाहिली. भाऊ, भावजया, पोरं, पाण्याची कॅन, पोहे, चटईची वळकटी. मालक स्वतः चालवायचे आणि शेजारी अक्का, मांडीवर स्टीलचा डबा. अक्कांना गाडी लागायची. मागं बसलं की पोटात ढवळायचं. म्हणून पुढची सीट अक्कांची, आणि ती कायमची. मालकांचं लग्न होऊन नवरी घरी आली तीसुद्धा मागच्या सीटवर बसून, पुढं अक्का. नव्या नवलाईत महाबळेश्वरला गेले, पुढं अक्का. त्यात कुणाचं काही चुकतही नव्हतं. गाडी लागते तिला पुढं बसवायचं नाही तर कुणाला?

"चाळीस वर्सं होत आली," मालक एकदा ऑफिसात टॉवेल चाचपत म्हणाले, "गाडीत मी हिला आरशातच बघितलंय. ते बी निम्मं. निम्म्या आरशात मागचा ट्रक असतोय."

एवढी एकच त्यांची इच्छा होती. बायकोला शेजारी बसवून एकदा लांबवर गाडी चालवायची. ते अक्कांना सांगायचं कसं, हे एवढा मोठा कारखाना चालवणाऱ्या माणसाला कळत नव्हतं, म्हणून तो दोन सीटांची मोटार आणायला निघाला होता. गाडीतच जागा नाही म्हटल्यावर कुणाला नाही म्हणायची वेळच येणार नव्हती.

एकट्या वस्तूची पारख होत नाही, म्हणून मालकांनी तिला एक प्रतिस्पर्धी शोधला. कंपन्यांची नावं ते घेत नसत. एकीला म्हणायचे उघड्या टपाची, दुसरीला मागच्या इंजिनची. उघड्या टपाचीचा टप बटण दाबलं की मागं जाऊन घडी होऊन बसायचा, आणि सीटा दोनच. मागच्या इंजिनचीला नावाप्रमाणे इंजिन मागं, आणि त्याच्या पुढं दोन जादा सीटा. पण त्या सीटांवर बसायचं तर माणसानं पाय घरी ठेवून यायला हवं. वळणावर कोण घट्ट धरते, आवाज कुणाचा भारी, शून्यावरून शंभरावर कोण आधी जाते, यावर कारखान्यात दोन तट पडले. मागासाठी कांडीवर सूत भरणाऱ्या बाया उघड्या टपाच्या बाजूच्या आणि मागवाले मागच्या इंजिनच्या. जेवणाच्या सुट्टीत तावातावानं भांडणं व्हायची, तीही तेलुगू आणि मराठी मिसळून, आणि भांडणाऱ्यांपैकी निम्मे सायकलवर यायचे. मालक मधोमध उभे राहून दोन्हीकडचं ऐकायचे आणि म्हणायचे, "बघू की." पण मला माहीत होतं, जीव उघड्या टपाचीवर होता.

त्या जिवाचा घात एका रविवारी चहाच्या वेळी झाला.

मी मालकांच्या घरी मोटार कंपनीची माहितीपुस्तिका वाचून दाखवायला गेलो होतो. अक्का झोपाळ्यावर बसून फोटो बघत होत्या. लाल मोटार, टप उघडलेला.

"ह्येच्यात सीटा किती?" अक्कांनी विचारलं.

"दोन," मालक पुटपुटले.

"एक तुजी. आन दुसरी?"

मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "त्या जीपमदी माझ्यापायी समदी अडचणीत बसत्यात. हितं एकच सीट. आता तू आन मी निवांत जात जाऊ."

अक्कांच्या आवाजात जराही कावा नव्हता, हीच तर पंचाईत होती. लहानपणी ज्या भावाला कडेवर घेऊन माग चालवला तो आपल्याला मोटारीतून फिरवणार, याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. मालकीणबाईंनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या. मालकांनी चहात बिस्किट बुडवलं. ते विरघळून तळाला गेलं तरी त्यांचा हात कपावर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मागच्या इंजिनची बघू."

"का मालक? उघड्या टपाची आवडली होती ना?"

"मागं सीट असली तर ही निदान आरशात तरी दिसंल."

मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. मला त्या माणसाची फार दया आली आणि थोडा रागही आला. एवढं काय अवघड आहे, सांगून टाकावं, असं मनात आलं. मग झोपाळ्यावरच्या अक्का डोळ्यांपुढं आल्या आणि माझी मीच मान खाली घातली. मलाही सांगता आलं नसतं.

पुण्याहून कंपनीचा माणूस मागच्या इंजिनची घेऊन चाचणीसाठी आला. चांगला टापटीप गृहस्थ, केसांना तेल, गळ्यात टाय. मालकांनी नमस्काराच्या आधी त्याचा टाय दोन बोटांत धरला आणि "पॉलिस्टर," असं म्हणून सोडून दिला. तोवर भावजयांनी चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली. तो माणूस घाबरला.

"काकू, काकू, ही अजून तुमची गाडी नाहीये!"

"लिंबाला काय कळतंय?" अक्का म्हणाल्या, आणि स्टीलचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. म्हणजे बसायला गेल्या आणि सीट लागेपर्यंत खाली खाली जातच राहिल्या. मागं एका बाजूला मालकीणबाईंनी अंग चोरून घेतलं, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला. त्या गाडीत पाण्याची कॅन आणि पोहे मावेनात, म्हणून मागून जीप निघाली. जीपमध्ये भाऊ, भावजया, पोहे आणि मी.

पुण्याच्या हमरस्त्याला लागल्यावर ती गाडी एकदा गुरगुरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही मोहोळला नेहमीच्या हॉटेलापाशी पोचलो तेव्हा अक्कांना बाहेर काढायचं काम व्हायचं होतं. परक्याचा हात त्यांना नको होता, म्हणून आमची वाट बघत त्या आत बसून राहिल्या होत्या. दोन भावजयांनी दोन हात धरले, एक पाय बाहेर आला, विश्रांती, मग दुसरा.

"ही गाडी हाय का पाट?" अक्का म्हणाल्या. "पंगतीला बसल्यावानी बसावं लागतंय. पर ढवळलं न्हाय हां पोटात. परतीला बी म्होरंच बसते."

सगळे अक्कांना घेऊन हॉटेलाच्या पत्र्याखाली गेले. मागच्या सीटवरून मालकीणबाई आपल्या आपण बाहेर आल्या. साडी चुरगळली होती, एका पायाला मुंग्या आल्या होत्या, तो त्यांनी दोनदा जमिनीवर आपटला. त्यांना कुणी काही विचारलं नाही. कंपनीचा माणूस मान चोळत चहाला गेला. मालक गाडीपाशी उभे राहून चहा पीत होते आणि मी त्यांच्या शेजारी होतो, म्हणून पुढचं मला दिसलं.

मालकीणबाईंनी गाडीला एक फेरी मारली. टपावरून हात फिरवला, पोत बघावा तसा. मग पुढचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार लावून घेतलं. काच खाली झाली.

"पदंडी," त्या म्हणाल्या.

तेलुगूत मोठ्या माणसाला आदरानं, किंवा दोघातिघांना मिळून, 'चला' म्हणायचं तर असं म्हणतात. त्यांच्या तेलुगू घरात हा शब्द मी रोज ऐकायचो, जेवायला पदंडी, देवळात पदंडी. गाडीच्या पुढच्या सीटवरून तो मालकीणबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच आला असावा.

मालकांनी पत्र्याखाली बघितलं. अक्का पाठमोऱ्या बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या. मग त्यांनी गाडीकडे बघितलं. दोन पायांत दोन चपला घालून आठवडाभर फिरणारा माणूस मी ओळखत होतो. आता 'बघू की' येणार म्हणून मी आधीच तोंड फिरवलं. तेवढ्यात माझ्या हाताला चटका बसला. मालकांनी त्यांचा चहाचा ग्लास माझ्या हातात कोंबला होता.

गाडी गेली ती सोलापूरच्या दिशेनं गेलीच नाही. कंपनीचा माणूस "साहेब! मी राहिलो साहेब!" असं ओरडत थोडा पळाला, पण ज्या गाडीच्या वेगाचं त्यानं सकाळपासून कौतुक केलं होतं तिच्यामागं पळण्यात अर्थ नव्हता.

अक्का वळल्या. "कुटं गेला ह्यो?"

"टेस्ट घेतायत," मी म्हणालो.

"आन ती?"

"त्यापण घेतायत."

अक्का रस्त्याकडे बघत राहिल्या. मग "बरं," म्हणाल्या, आणि आणखी एक चहा मागवला. त्या 'बरं'चा पोत मला तेव्हा कळला नाही.

आम्ही पोहे खाल्ले. परत चहा घेतला. कंपनीचा माणूस विम्याबद्दल स्वतःशीच काहीतरी बोलत होता. त्याला मी पोहे दिले, त्याला गिळेनात. मालकांचा फोन जीपमध्ये पोह्यांच्या पिशवीखाली वाजत होता. ऊन कलायला लागलं तेव्हा ती गाडी माढ्याच्या बाजूनं परत आली, अगदी हळू. दार उघडलं आणि कंपनीच्या माणसानं डोळे मिटून घेतले. आत खालच्या गालिच्यावर हरभऱ्याच्या सोललेल्या घाट्यांचा सडा पडला होता. मागच्या सीटवर हिरव्या डहाळ्याची एक अख्खी पेंढी मातीसकट बसवली होती.

मालकीणबाई उतरल्या, अक्कांच्या हातात मूठभर सोललेले हरभरे ठेवले, आणि जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अक्का म्हणाल्या, "मला न्हाय पाटावर बसायचं," आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. सगळं होतं तसं झालं. कंपनीच्या माणसाला मात्र परतीला पुढची सीट मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"लई बोलली हो ही," मालक म्हणाले.

"मी गाडीचं विचारलं."

"लई बोलली. तिच्या माहेरचा माग, विहीर, समदं. मला वाटायचं ही बोलतच न्हाय. ती मागनं बोलायची, आन जीपच्या इंजिनात मला ऐकूच यायचं न्हाय."

जर्मन पार्टीचं एक पत्र अर्धवट लिहून झालं होतं, ते पूर्ण करायला बसलो. त्यात तीन चुका झाल्या.

आता उघड्या टपाचीच येणार, अशी माझी खात्री होती. पण मालकांनी मागवली मागच्या इंजिनची. कांडीवाल्या बाया दोन दिवस मागवाल्यांशी बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं तर मालक म्हणाले, "पोत बरा हाय." यापलीकडे काही नाही.

गाडी आली त्या दिवशी पुन्हा लिंबं, पुन्हा कुंकू. अक्का डबा घेऊन आल्या. पाट असो की खुर्ची, नव्या गाडीतून पहिल्या दिवशी भावाशेजारी बसून अक्कलकोटला जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढचं दार उघडलं आणि त्या थबकल्या. सीटवर टॉवेलचा गठ्ठा होता. पांढरे टॉवेल, निळी किनार, चारी कोपरे जुळलेले, वरून सुतळी.

"ह्ये काय?"

"पार्टीचा माल हाय," मालकीणबाई म्हणाल्या. "नमुना. वाटेत दाखवायचाय."

"मग मागं ठेव."

"मागं इंजिन हाय न्हवं अक्का," मालक म्हणाले. ते गाडीकडे बघत होते, कुणाकडेच बघत नव्हते. "गरमीनं रंग उडंल."

अक्कांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग मालकीणबाईंकडे, मग पुन्हा गठ्ठ्याकडे. कायदा त्यांचाच होता. शेवटी त्यांनी डबा सावरला. "मग मी जीपनं येते," त्या म्हणाल्या, आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

असं मग वरचेवर होऊ लागलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, कारण माझ्याकडे त्या पार्टीचं पत्रच नव्हतं. मग एका संध्याकाळी मी घरी निघालो असताना देवळापलीकडच्या वळणावर ती गाडी उभी दिसली. मालकीणबाई देवळात जाते असं सांगून घरातून पायी निघाल्या असाव्यात. त्यांनी दार उघडलं, पार्टीचा माल उचलला, जिथं गरमीनं रंग उडतो म्हणतात त्या मागच्या सीटवर ठेवून दिला, आणि पुढं बसल्या. गाडी गुरगुरून गेली. दोन सीटांच्या गाडीत हा गठ्ठा ठेवायला जागाच नव्हती. मागच्या इंजिनची का जिंकली, ते मला त्या वळणावर कळलं. मी रस्त्यात एकटाच हसत उभा होतो. लोक बघत होते, पण हातगाडीनंतर मला लोकांचं काही वाटेनासं झालं होतं.

पुढं मी पुण्याला नोकरी धरली. परवा कामानं सोलापूरला गेलो तेव्हा मालकांच्या घरी गेलो. मालक थकलेत, पण गाडी तेच चालवतात. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. ओट्यावर खुर्चीत अक्का बसल्या होत्या, आता खूप म्हाताऱ्या झालेल्या, डोळ्यांना कमी दिसतं. गाडी दारात होती आणि पुढच्या सीटवर तोच गठ्ठा. निळी किनार फिकी पडली होती. ती किनार मी चांगली ओळखत होतो. ज्या पार्टीसाठी ती विणली होती तिनं आमच्याकडून माल घेणं मी असतानाच बंद केलं होतं.

"हा माल अजून गेला नाही?" मी हळूच विचारलं.

"धूळ बसती," मालकीणबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "महिन्याला धुते, वाळवते, परत घडी घालून ठेवते."

मालकांची सवय माझ्याही बोटांना लागली आहे. पोत बघावा म्हणून मी काचेतून हात आत घातला.

"ए!" ओट्यावरून आवाज आला. "हात लावू नगंस. पार्टीचा माल हाय!"

मी हात मागं घेतला. अक्का मालकीणबाईंच्या दिशेनं बघत होत्या.

"आन तू गं? तुला देवळात जायचं न्हवं? रोज उशीर करतीस. ह्यो तितं वळणावर गाडी लावून उभा ऱ्हातुय, आन मागनं लोकं हॉर्न मारत्यात. हितं घरापातूर ऐकू येतंय."

मालकीणबाई जागच्या हलल्या नाहीत. मालकांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली, मग परत या हातात.

"बघता काय?" अक्का म्हणाल्या. "पदंडी."